ओढ्याला पट्टा नव्हता

मळीवाडी,
१८ जानेवारी

प्रिय शिवांजली,

हे पत्र कंपनीतून घरी आल्यावर, एकटी असशील तेव्हा वाच. कँटीनमध्ये उघडू नकोस. गेले चार दिवस मी तुझे फोन उचलले नाहीत. काल अपेक्षाने उचलला आणि ‘मम्मी अंगणवाडीत गेलीय’ म्हणाली, तेव्हा मी तिच्या शेजारीच बसले होते. मीच तिला तसं सांगायला लावलं. नऊ वर्षांची पोर, किती सहज खोटं बोलली. फोनवर मला हे जमणार नाही. तू रडशील, मग मी रडेन, मग तूच मला ‘असू दे गं, तू तरी काय करणार’ म्हणशील आणि सांगायचं ते राहून जाईल. गेल्या पाच महिन्यांत तीनदा असंच झालंय. म्हणून लिहायला बसले.

घरचं ठीक आहे म्हणायचं. तुझ्या दादाचा फोन आठवड्यातून दोनदा येतो, तिकडं चौकीवर बर्फ पडतंय म्हणाला. होळीला रजा मिळेल बहुतेक. नदीकाठच्या मळीतला ऊस पुराच्या पाण्यात आठ दिवस उभा होता, त्याचे शेंडे कुजले. जो वाचला तो टोळीने मागच्या आठवड्यात तोडून नेला. गोठा रिकामाच आहे. मी रोज सकाळी सवयीने झाडून घेते आणि झाडू ठेवताना लक्षात येतं, की झाडण्यासारखं तिथं काही नव्हतंच. अपेक्षा अजून तुझ्या आईच्या अंथरुणावर झोपते. चादर धुऊ देत नाही.

या घरात मला आणलंस ती तू. तासगावच्या कॉलेजात आपण तीन वर्षं एका बाकावर बसलो आणि शेवटच्या वर्षी तू सरळ म्हणालीस, ‘क्रांते, माझ्या दादाला कर, म्हणजे आपली ताटातूट व्हायची नाही.’ मी तुझ्या दादाला केलं, आणि सहा महिन्यांत तूच लग्न करून शिरवळला गेलीस. मी कुपवाडची. वडील वर्कशॉपात लेथवर, घर एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत. पूर मी फक्त पेपरात बघितलेला. नवरा सीमेवर, मैत्रीण शिरवळला, आणि मी नदीकाठच्या गावात तुझ्या आईबरोबर. पहिले दोन महिने मी त्यांना घाबरायचे. आत्ती म्हणताना जीभ अडखळायची. पण त्यांनी मला कधी माहेर काढून दाखवलं नाही. पावसाळा लागला तसं एक दिवस हाताला धरून मला गावाच्या मागे ओढ्यावर घेऊन गेल्या आणि ती बुटकी फरशी दाखवली, पूल म्हणावा तर पाण्याला टेकलेला. म्हणाल्या, ‘बग, नदी पुढनं येती, ती दिसती. वढा मागनं येतो, त्यो दिसत न्हाई. नदी आमाला मारत न्हाई, बाय. वढा मारतो.’

मला तेव्हा काही कळलं नव्हतं. तुला हे सांगायला नको, तू तिथंच पोहायला शिकलीस. पण मला ते नीट लिहूनच काढायचंय. कृष्णेला पाणी चढलं की ओढ्याचं पाणी नदीत जात नाही, उलटं मागे फुगतं. नदी गावाच्या खाली अजून पाच-सहा फूट असते, अंगणं कोरडी असतात, माणसं निवांत चहा पीत असतात, आणि तेवढ्यात मागची फरशी बुडालेली असते. माळावर जायची वाट ती एकच. एकोणीसच्या महापुरात आत्तींनी ओढ्याकडं नुसतं बघून मला आणि अपेक्षाला आदल्या दिवशीच माळावर नेलं होतं. गल्लीतली माणसं हसली होती. दुसऱ्या दिवशी तीच माणसं छपरावर बसून हेलिकॉप्टरला हात करत होती.

त्यानंतर तीन वर्षांनी तो प्रकल्प आला. तुला मी तेव्हा फोनवर किती सांगायचे, आठवून बघ. ‘गावाचा आराखडा गावानंच करायचा’ असं म्हणत शरयू मॅडम आल्या. वाईच्या, गोऱ्यापान, खांद्याला झोळी. बोलायला इतक्या गोड, की दगडाबाईंसारखी कधी उंबऱ्याबाहेर न बोललेली बाई त्यांच्यासमोर घडाघडा बोलली. देवळापुढच्या पटांगणात आम्ही रांगोळीने अख्खं गाव काढलं. घरं, विहिरी, शाळा, नदी. मॅडम म्हणाल्या, पाणी आधी कुठून येतं ते दाखवा. पुरुष नदीकडं बोटं दाखवायला लागले. आत्ती उठल्या, चुलीतली राख मागवून घेतली आणि गावाच्या पाठीमागून एक जाड काळी रेघ ओढली. फरशीच्या जागी पायाचा अंगठा दाबला. म्हणाल्या, ‘हितं गाव मरतं. ही उंच करा. बाकी काय करू नका.’ मॅडमनी टाळ्या वाजवल्या. आत्तींचा फोटो घेतला. त्या दिवशी घरी येताना आत्ती मला म्हणाल्या, ‘पयल्यांदा कुणीतरी इचारलं गं.’

शिवा, त्यांना खरंच वाटलं होतं. मलाही वाटलं होतं.

पुढं काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. आराखड्यात फरशी पहिल्या नंबरला होती. मी गावाच्या पूर समितीची सचिव, माझ्याच अक्षरात ते लिहिलेलं आहे. महिन्याभराने प्रकल्पाचे साहेब आले आणि म्हणाले, फरशी या योजनेत बसत नाही, ते वेगळ्या खात्याचं काम. या योजनेत निवारा बसतो. माळावर शंभर माणसांचा निवारा, सोलरचे दिवे, संडास, सगळं. मार्चअखेर ठराव आला नाही तर पलीकडच्या गावाला जाईल. सभेत गोंधळ झाला. नाथाजी बापू उठून म्हणाले, ‘आवं सायेब, घर वढ्याच्या पल्याड बांदताय आन् वाट अल्याड बुडतीया. उडून जायाचं का आमी?’ सगळे हसले, साहेबही हसले. मग साहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, ताई, तुमचं गाव तुमचं ऐकतं. हे तर घ्या पदरात, फरशी दुसऱ्या टप्प्यात बघू.

मी घरोघरी फिरले. प्रत्येक उंबऱ्यावर ‘दुसऱ्या टप्प्यात’ म्हणाले. दहा दिवसांत सगळ्या सह्या झाल्या, एक सोडून. आत्ती म्हणायच्या, ‘आदी वाट द्या, मग घर द्या.’ शेवटच्या दिवशी मी त्यांच्यापुढं कागद ठेवून रडले. म्हणाले, सगळ्या गावाने ऐकलं आणि माझ्याच घरात माझं ऐकत नाहीत, तोंड कसं दाखवू. त्यांनी कागद मांडीवर ओढून घेतला. मग चष्मा मागवला आणि मीच शिकवलेली सही केली, रंगूबाई, ‘बा’चा काना वाकडा. वर म्हणाल्या, ‘तुज्यासाटी करते. वढ्यासाटी न्हाई.’ निवाऱ्याच्या श्रमदानाला मात्र सगळ्यांत आधी त्याच गेल्या. डोक्यावर दगड वाहिले. भिंतीवर रंगवलेल्या ‘लोकसहभागातून’ या अक्षरांखाली उभ्या राहिल्या तो फोटो तुझ्याकडं आहेच.

आता माझं सांगते. मला त्या सगळ्यात खूप बरं वाटत होतं, शिवा. बारा वर्षं मी मानसिंगची बायको, रंगूबाईची सून होते. प्रकल्प आला आणि मी ‘क्रांती मॅडम’ झाले. सांगलीला दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं. नारिंगी जाकीट मिळालं, शिट्टी मिळाली, फ्रेम केलेलं प्रमाणपत्र मिळालं. सरपंच लालासाहेब आधी माझ्याशी मान वळवून बोलायचे, ते खुर्ची पुढं करायला लागले. नदीघाटावरच्या खांबावर हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे रंगवले. पाणी लाल पट्ट्याला टेकलं आणि वरून संदेश आला की मी शिट्टी मारायची, मग गल्लीगल्लीने, यादीप्रमाणे, रांगेत गाव हलवायचं. कुणी घाबरून आधी निघायचं नाही, चेंगराचेंगरी होते, असं ट्रेनिंगमध्ये पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. आत्ती खांब बघायला आल्या होत्या. म्हणाल्या, ‘पट्टा नदीला काडलाय. वढ्याला कुटं हाय?’ मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, एका गावाला एकच खूण, दोन असल्या की लोकांचा गोंधळ होतो. मी तेच येऊन आत्तींना सांगितलं, जसंच्या तसं.

श्रावणातला तो शनिवार. आत्तींचा उपास होता. सकाळी साडेसातला पाटणहून नानासो मामांचा फोन आला. ‘आक्का, कालपासनं धरणाचं पानी सोडलंय, हितं रस्तं दिसंनात. आज तुमच्याकडं पोचंल. निघा आता.’ त्यांचं बोलणं मला पलंगापर्यंत ऐकू येत होतं. आठ वाजता आत्ती तयार होत्या. गाठोड्यात अपेक्षाचे कपडे, सातबाऱ्याचे कागद, स्वतःच्या गोळ्या, पोरीसाठी दशम्या. भोरी म्हैस दावं सोडून अंगणात आणलेली. अपेक्षाच्या पायात चपला. मला म्हणाल्या, ‘मी पोरीला घिऊन म्होरं होते. तू तुजं समितीचं बगून ये.’

आणि मी त्यांना थांबवलं.

मी जाकीट घालून दारात उभी होते. म्हणाले, आत्ती, लाल पट्ट्याला अजून दोन हात आहेत. समितीच्या घरातलंच माणूस आधी पळालं तर गाव मला काय म्हणेल? सगळे सुटतील वाटेल तसे. सूचना आली की जायचंच आहे. हे शब्द मी रोज आठवते, त्यात एकही कमीजास्त केलेला नाही. आत्तींनी भोरीला परत दाव्याला बांधलं. म्हणाल्या, ‘बरं. तू म्हणतीस तर थांबते.’ आणि गाठोडं मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या.

अकरा वाजता त्या ओढ्यावर जाऊन आल्या. पाण्याच्या कडेला त्यांनी एक खुंटी ठोकली होती. बाराला परत गेल्या, आल्या आणि म्हणाल्या, ‘खुंटी बुडाली, क्रांते.’ मी साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, वरून संदेश नाही, पॅनिक करू नका. ग्रुपवर ‘नागरिकांनी घाबरून न जाता पुढील सूचनेची वाट पाहावी’ असं आलं, ते मी आत्तींना वाचून दाखवलं. दोन वाजता त्या पुन्हा उठल्या. या वेळी गाठोडं काखेला मारून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मी म्हणाले, आत्ती, थोडा वेळ. त्या बसल्या. गल्लीतल्या चार बायका त्यांना येऊन विचारून गेल्या, ‘रंगावैनी, निघायचं का?’ त्यांनी चौघींनाही सांगितलं, ‘आमची क्रांती सांगंल तवा.’

संदेश तीन वाजून चाळीस मिनिटांनी आला. मी शिट्टी मारली. माणसं घराबाहेर पडून फरशीवर येईपर्यंत पाणी गुडघ्यावर आणि ओढ जोराची. लालासाहेबांनी ट्रॅक्टरला ट्रॉली लावली. यादीप्रमाणे खालची गल्ली आधी, आपली वरची गल्ली शेवटी. पहिल्या खेपेला लहान पोरं घ्यायची होती, म्हणून आत्तींनी अपेक्षाला उचलून ट्रॉलीत दिलं. दुसऱ्या खेपेला पलीकडं माणसं मोजायला मला जायचं होतं. ट्रॉली भरली आणि माझ्या शेजारी एका माणसाची जागा राहिली. नाथाजी बापू मागून म्हणाले, ‘रंगावैनी, तुमी बसा की.’ आत्तींनी माझ्याकडं बघितलं. मी हातातल्या रजिस्टरकडं बघितलं आणि म्हणाले, आत्ती, तुम्ही तिसऱ्या खेपेला, आपल्या गल्लीबरोबर. त्या मागे सरकल्या. ती जागा तशीच रिकामी पलीकडं गेली.

तिसरी खेप झाली नाही. लालासाहेबांनी पुढचं चाक पाण्यात घातलं आणि ट्रॅक्टर आडवा व्हायला लागला, तसा त्यांनी कसाबसा मागे घेतला. गावाच्या बाजूला आत्ती धरून अकरा माणसं राहिली. अंतर जेमतेम पन्नास पावलांचं, पण मधल्या आवाजात हाक पोचत नव्हती. अपेक्षा माझ्या कमरेला धरून ‘आज्जी, आज्जी’ करून किंचाळत होती. मग मी बघितलं, आत्तींनी भोरीला पाण्यात घातलं आणि तिची शेपटी हाताला गुंडाळून धरली. तू लहान असताना तुला त्यांनी असंच पलीकडं नेलं होतं ना, तूच सांगितलं होतंस. मध्यावर भोरीचे पाय सुटले आणि ती कलंडली. एकदा आत्तींचा हात वर दिसला, मग बाभळींच्या पलीकडं काही दिसलं नाही. भोरी अर्ध्या मैलावर वीटभट्टीपाशी जिवंत निघाली. आत्ती दुसऱ्या दिवशी दुपारी सापडल्या. बाकीची दहा माणसं आपल्या गल्लीतल्या दुमजली घराच्या स्लॅबवर चढून बसली होती. सकाळी बोट आली, सगळे सुखरूप उतरले.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आम्ही घरी आलो तेव्हा साहेब आणि शरयू मॅडम ओट्यावर बसले होते. साहेबांच्या हातात फॉर्म होता. आवाज अगदी हळू ठेवून त्यांनी विचारलं, ‘सूचना मिळाली होती ना त्यांना?’ मी म्हणाले, मिळाली होती. ‘मग मागे का राहिल्या?’ शिवा, मला कुणी धमकावलं नाही. कुणी शब्द तोंडात घातले नाहीत. मॅडमनी तर माझा हात धरला होता. अंगणात भोरी उभी होती, अंगावर गाळ वाळलेला. मी तिच्याकडं बघितलं आणि म्हणाले, म्हशीसाठी मागं राहिल्या. साहेबांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. लिहिताना त्यांना किती हलकं वाटलं ते मला त्यांच्या खांद्यांवरून दिसलं. मलाही वाटलं. तेच मला आजपर्यंत पचलेलं नाही.

संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. ‘रंगूबाई म्हशीपायी गेली.’ बाराव्याला तू गोठ्यात जाऊन भोरीला दोन्ही हातांनी मारत होतीस आणि ओरडत होतीस, ‘आईला आमच्यापेक्षा ही जास्त होती का?’ मी मागून तुला धरलं. तुझ्या दादाने ते ऐकलं आणि पुढच्या बाजाराला भोरी नेऊन विकली. आईचा विषय निघाला की तो आता फोनवर एवढंच म्हणतो, ‘हट्टी होती.’ मग मी फोन अपेक्षाकडं देते.

त्याच बाराव्याच्या संध्याकाळी पंगती उठल्यावर नाथाजी बापू आले. फरशीवर आत्तींच्या शेजारी तेच उभे होते. पाणी प्याले आणि खाली बघूनच म्हणाले, ‘सूनबाई, तुमाला म्हाईत असावं म्हणून सांगतो. मी रंगावैनीला म्हनलं, स्लॅबवर चला, सकाळी बोट येतीया. तर म्हनल्या, दिसभर सुनंचं ऐकून थांबले, बापू. पोरगी पल्याड वरडतीया. आता न्हाई थांबायची.’ मग ते उठले. ‘मी कुनाला बोलायचो न्हाई. तुमचं तुमी बगा,’ म्हणून निघून गेले. ते कुणाला बोललेले नाहीत. वाटेत मी दिसले की बाजूच्या वावरात उतरतात.

दिवाळीपासून मी गावोगाव जाते. प्रकल्पाच्या गाडीतून, तेच जाकीट घालून. नदीकाठच्या पाच गावांत मी बायकांपुढं ‘आमच्या घरचा अनुभव’ सांगितलाय. माझ्या सासूबाईंनी सूचना ऐकली नाही, जनावराच्या मायेत गुंतल्या, तुम्ही तसं करू नका. बायका पदर तोंडाला लावतात. मला रडू येतं ते खरं असतं, पण त्यांना वाटतं तसलं नसतं. गेल्या महिन्यात एका गावात एक म्हातारी उठली. म्हणाली, ‘बाई, आमच्या वाटंवर बी फरशी हाय. ती कवा उंच व्हनार?’ मी म्हणाले, दुसऱ्या टप्प्यात. माझ्या तोंडून ते इतकं आपसूक निघालं, की मी बोलून गेल्यावर ऐकलं.

आपल्याकडं दुसरा टप्पा आलाय. डिसेंबरात सभा झाली. परत पटांगण, परत रांगोळी. नदी सगळ्यांनी काढली, ओढा कुणी काढला नाही. मी लिहीत बसले होते, मी पण उठले नाही. फरशीचं विचारलं तर वेगळं खातं. दुसऱ्या टप्प्यात नदीघाटाचं सुशोभीकरण आहे, आणि फरशीवर एक बोर्ड लागलाय, ‘पुलावर पाणी असताना ओलांडू नये’. ठरावावर सगळ्या गावाच्या सह्या आहेत. पहिली माझी आहे. नाही म्हणून काय मिळणार होतं, हे मला कळत नव्हतं, आणि हो म्हणून काय मिळणार आहे तेही कळत नाही. सगळे सही करतात म्हणून सगळे सही करतात. येत्या पावसाळ्यात फरशी तेवढीच बुटकी असेल, आणि ओढ्याकडं बघून आदल्या दिवशी निघणारं घर आता गावात उरलेलं नाही.

हे सगळं आज का लिहिलं ते आता सांगते. मंगळवारी शरयू मॅडमचा फोन आला. फिल्म करायचं ठरलंय, पंधरा मिनिटांची, सगळ्या पूरग्रस्त गावांत दाखवायला. म्हणाल्या, शिवांजलीताई तयार झाल्यात, सव्वीस तारखेला, रविवारी, आम्ही शिरवळला त्यांच्या घरी जातोय. तू त्यांना म्हणालीस म्हणे, ‘बोलते, निदान दुसऱ्या कुणाची आई तरी वाचेल.’ तुझे फोन त्यासाठीच येतायत हे मला माहीत आहे. तू काय बोलायचंस तो कागदही मॅडमनी मला तपासायला पाठवलाय, त्यात पहिलंच वाक्य आहे, ‘माझ्या आईने म्हशीसाठी जीव दिला, तुम्ही देऊ नका.’ चार दिवस मी तो कागद उघडते आणि मिटते. ‘बरोबर आहे’ एवढं लिहून पाठवलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. शिवा, तुझ्या आईने म्हशीसाठी जीव दिला नाही. त्या तुझ्या भाचीकडं यायला निघाल्या होत्या, आणि त्यांना उशीर मी केला. रविवारी त्या लोकांना काय सांगायचं ते तुझं तू ठरव. खरं सांगितलंस तरी फरशी उंच होणार नाही, ते दुसऱ्या गावात दुसरी कुणीतरी लेक शोधतील. दादाला मी होळीला स्वतः सांगणार आहे. त्यानंतर या घरात माझं काय होईल ते विचारायला मला तोंड नाही, फक्त अपेक्षाशी बोलणं तोडू नकोस. एवढंच मागते, की ते वाक्य तुझ्या तोंडून येऊ देऊ नकोस. ते मी बोलले होते, राखेचे हात धुवायच्या आधी.

तू वाचून होईपर्यंत तरी
तुझीच,
क्रांती